गावासाठी कायमचं काही ठेवून जायचं असेल तर काय करावं? मृत्युपत्र, ट्रस्ट आणि ग्रामसभा कोष

आलापल्ली : तेरवीला गावजेवण होते, फोटोला हार चढतो आणि खर्च तिथंच संपतो. त्याच पैशातून गावातल्या एखाद्या पोरीची दरवर्षीची फी निघावी असं अनेकांना वाटतं. पण ते वाटणं कागदावर येत नाही. म्हातारा माणूस ओट्यावर बसून "माझ्या मागं एवढं गावाला द्या" म्हणून जातो. मुलांनी पाळलं तर ठीक, नाही पाळलं तर कोणी विचारू शकत नाही. जमीन किंवा ठेव मागं ठेवून जायची तर तोंडी शब्दाला कायद्यात फारशी किंमत नाही.

कायमचं दान म्हणजे काय, हे आलापल्लीच्या माणसाला समजावायला लागू नये. इथल्या वनवैभवातले सुमारे 6 हेक्टर जंगल 1953 पासून राखून ठेवलेलं आहे. बाजूचं सागवान तुटत राहिलं, ते राहिलं. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पैशाचंही तसंच करता येतं. मुद्दल राखायचं, खर्चायचं फक्त व्याज. संस्थेच्या भाषेत याला कायम निधी किंवा कॉर्पस म्हणतात.

समजा 1 लाख रुपये 7 टक्के व्याजानं ठेवले, तर वर्षाला 7,000 येतात. सगळे खर्चले तर वीस वर्षांनी त्या 7,000 मध्ये वह्यासुद्धा येणार नाहीत, कारण महागाई थांबत नाही. म्हणून 5,000 खर्चायचे आणि 2,000 मुद्दलात टाकायचे, असं आधीच लिहून ठेवलेलं बरं.

अनेकांची छोटी-मोठी दानं एका स्थानिक निधीत जमा करून गावच्याच माणसांनी चालवायची, ही पद्धत अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात 1914 मध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्यानं सुरू केली. त्याची अडचण साधी होती. मेलेला माणूस जे लिहून गेला, ते पन्नास वर्षांनी निरुपयोगी झालं तरी बदलता येत नव्हतं. मुंबईत 1991 मध्ये याच धर्तीवर बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला. आपल्याकडे हा धडा जास्तच लागू आहे. "अमुक शाळेच्या चौथीच्या मुलांना" असं लिहिलं आणि पटसंख्येअभावी ती शाळाच बंद झाली तर? मग हेतू बदलायला न्यायालयापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा "गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी" एवढं लिहा आणि तपशील ठरवायचा अधिकार समितीला द्या.

मेंढ्यानं काय केलं

आपल्या जिल्ह्यातलं सर्वात मोठं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं आहे. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. 2013 मध्ये गावानं त्याहून मोठी गोष्ट केली. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम 1964 खाली गावकऱ्यांनी आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. ग्रामदानात मालकी गावाची होते, पण कसायचा हक्क त्याच कुटुंबाकडे राहतो आणि वारसांनाही मिळतो. फक्त जमीन मन मानेल तशी बाहेरच्याला विकता येत नाही. हा निर्णय बहुमतानं रेटलेला नव्हता, सर्वसहमतीचा होता. कागदावर अंमल व्हायला मात्र पुढं बरीच वर्षं गेली, तेव्हा कोणी उद्याच होईल अशा आशेवर राहू नये.

प्रत्येक गावाला ग्रामदान जमणार नाही. पण अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी 2014 च्या पेसा नियमांत ग्रामसभा कोषाची तरतूद आहे. तेंदूपत्ता, बांबूचा पैसा हाताळणाऱ्या ग्रामसभांना खातं, ठराव, हिशेब हे काही नवं नाही. ज्या ग्रामसभेत दरवर्षी हिशेब वाचला जातो, तिथं दान द्यायला हरकत नसावी. जिथं वाचला जात नाही, तिथं आधी तो वाचायला लावा.

जमीन देताना सांभाळा

इथंच लोक फसतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीला किंवा संस्थेला बक्षीसपत्रानंही देता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे त्यासाठी शासनाच्या मान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. नुसता स्टॅम्पपेपर करून दिलेली जमीन उद्या भांडणात अडकते. वनहक्काच्या पट्ट्याचं तर स्पष्टच आहे. 2006 च्या कायद्यानुसार तो वारसांना जातो, पण विकता किंवा दान करता येत नाही. वर्ग 2 च्या जमिनीलाही परवानगी लागते. सातबारा हातात घेऊन तलाठ्याकडं एकदा विचारल्याशिवाय बांधी दान करायची घोषणा करू नये. वडिलोपार्जित असेल तर स्वतःच्या हिश्शापुरतंच बोलता येतं. अनुसूचित जमातींना 1956 चा हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथं रूढी पाहिली जाते.

मृत्युपत्र हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग आहे. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं बरं. दोन साक्षीदार लागतात. ज्या संस्थेला द्यायचं तिचा पदाधिकारी साक्षीदार नको, उद्या वकील तेच धरून बसतो. जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं, शेवटचं धरलं जातं. बक्षीसपत्र मात्र लगेच लागू होतं, एकदा दिलं की सहसा परत घेता येत नाही, आणि जमीन-घराचं असेल तर नोंदणी सक्तीची. आणखी एक : बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही. तो पैसा वारसांसाठी सांभाळणारा असतो. गावासाठी ठेवायची रक्कम मृत्युपत्रात वेगळी लिहावीच लागते.

संस्थेला द्यायचं असेल तर ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेली आहे का, ते धर्मादाय कार्यालयात पाहता येतं. नोंदलेल्या ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, हा दात्यासाठी मोठा आधार आहे. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत कळवावं लागतं. मेलेल्या माणसांचीच नावं अजून विश्वस्त म्हणून चालू असतील तर तिथं पैसा देण्याआधी दोनदा विचार करा. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट मागा. देणगी देताना पावतीवर "कायम निधीसाठी" असं लिहून घ्या आणि पत्रही द्या, नाहीतर ती रक्कम चालू खर्चात जाते.

आणि हे सगळं घरात सांगून ठेवा. मृत्युपत्र पेटीच्या तळाशी आणि पोरांना पत्ता नाही, असं असेल तर कागद उपयोगाचा नाही. एक प्रत घरी, एक संस्थेत किंवा ग्रामसभेच्या सचिवाकडं.