येळवस : तिळाची की सातवी?

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहर ओस पडते. जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात, बाजारपेठ थंडावते. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो कुणाच्या तरी शेतात पंगतीला बसलेला असतो. सरकारी पत्रकांत आणि वर्तमानपत्रांत या सणाचे नाव ‘वेळ अमावस्या’ असे छापले जाते. बोलीत मात्र ती ‘येळवस’. या दोन नावांमधल्या अंतरात दक्षिण मराठवाड्याचा बराच इतिहास दडलेला आहे, आणि तो दप्तरांपेक्षा चुलीपाशी अधिक नीट राहिला आहे, असे मला वाटते.

‘येळ झाला’ याचे शुद्ध रूप ‘वेळ झाला’. हाच न्याय ‘येळवस’ला लावला गेला असावा, आणि शुद्धलेखनाच्या उत्साहात अर्थ हातचा गेला. कारण येथला ‘येळ’ मराठी नाही, कानडी आहे. त्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. आपल्याकडे अधिक प्रचलित असलेले स्पष्टीकरण असे की कानडीत ‘एळु’ म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजल्यास मार्गशीर्षातली अमावस्या सातवी येते. हिशेब बिनचूक जुळतो, आणि जुळतो म्हणूनच तो मला संशयास्पद वाटतो. दुसरे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी, विजयपूर या भागांत हाच सण याच दिवशी, अशाच रीतीने शेतात जेवून साजरा होतो, आणि तेथे त्याचे नाव ‘एळ्ळ अमावास्ये’ असे आहे. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. आखूड ‘ए’ आणि जोड ‘ळ्ळ’. सातातला ‘ए’ दीर्घ असतो आणि ‘ळ’ एकेरी. कानडी कानाला ही गल्लत होणे कठीण. मराठी कानाला सहज शक्य.

तीळ हे नाव पानातही सापडते. येळवशीच्या जेवणात भज्जी आणि आंबील यांचा बोलबाला असतो हे खरे. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे आणि हाती लागेल ती भाजी बेसनाच्या पिठात शिजवलेली भज्जी पाहुण्यांच्या आठवणीत राहते. परंतु गोडाचा मान दोनच पदार्थांना. एक गव्हाची खीर : गहू ओलवून, कांडून, कोंडा पाखडून रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी मऊ शिजवून त्यात गूळ, बडीशेप, सुके खोबरे घालायचे. सीमेलगतच्या गावांत तिला अजूनही ‘हुग्गी’ म्हणतात, आणि तोही कानडी शब्द. दुसरी तिळाची पोळी. तीळ भाजून, गुळाबरोबर कुटून कणकेत भरायचे. इतकी सोपी कृती की नवखी सूनही ती बिघडवू शकत नाही. आंबील ज्या मडक्यातून शेतात नेतात त्या ‘बिंदग्या’चे नावही कानडी ‘बिंदिगे’शी जुळते.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवव्या शतकातला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ कानडी देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. म्हणजे नांदेडच्या घाटापर्यंत. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि लत्तलूर म्हणजे आजचे लातूर असे मानले जाते. पुढे निजामी राज्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाही ते तेथेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत हे तीन तालुके मुंबई राज्यात आले, बिदर म्हैसूरला गेले. नांदेड जिल्ह्यातून देगलूरचा काही भाग आणि मुधोळचा बराचसा तुकडा आंध्रात गेला. कारकुनाने नकाशावर रेघ ओढली; तिच्या दोन्ही बाजूंना पोळी तीच राहिली. नाव मात्र एका बाजूला ‘वेळ’ झाले.

या सणातली देण्याची रीत मला विशेष वाटते. दिवाळीचा फराळ ताटातून घरोघर जातो. येथे माणसालाच पदार्थापाशी बोलावले जाते. कडब्याच्या कोपीत पाच दगडांची पूजा होते, आंबील पिकावर शिंपडली जाते, म्हणजे पहिली भेट पिकाला. मग वाटेने जाणारा अनोळखीही न जेवता पुढे जात नाही. या उदारतेचे गोडवे बरेच गायले गेले आहेत. मी त्यात एक टीप जोडतो : ती जमीनदाराची उदारता आहे. वर्षभर त्याच शेतात राबणारा सालगडी त्या दिवशी यजमान होता की पाहुणा, हा प्रश्न आमच्या ललित लेखांतून क्वचितच विचारला गेला.

भज्जी आणि आंबील त्याच दिवशी संपतात. तिळाची पोळी चार-पाच दिवस टिकते, म्हणून संध्याकाळी परतताना जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि परगावी शिकणाऱ्या मुलांसाठी तीच बांधून दिली जाते. गेल्या काही दशकांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आणि कोपीसाठी कडबा शेजाऱ्याकडे मागावा लागू लागला. तीळही पूर्वी खरिपात इतर पिकांच्या ओळींमध्ये पेरला जाई. आता बहुतेक घरी तो किराणा दुकानातून, पाव किलोच्या पुडीत येतो.