बुधवार, रात्री आठ : एका पिढीची प्रेमगीते कोलंबोहून का आली?

३ डिसेंबर १९५२, बुधवार. रात्री आठच्या सुमारास भारतातील अनेक घरांत रेडिओची खुंटी फिरत होती आणि काटा शोधत होता तो सिलोनचे केंद्र. कारण साधे होते. तरुण मनाला हवी असलेली चित्रपटांतील प्रेमगीते स्वदेशाच्या आकाशवाणीवर ऐकू येईनाशी झाली होती.

त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले होते. चित्रपटसंगीत त्यांना उथळ आणि पाश्चात्त्य सुरावटींच्या आहारी गेलेले वाटे. त्यांचा आग्रह निव्वळ सोवळेपणाचा मात्र नव्हता. संस्थाने विलीन झाल्यामुळे गवयांचा राजाश्रय संपला होता. ती जागा आकाशवाणीने घ्यावी, ही त्यांची धारणा होती. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षी जुलैत सुरू झाला. दुसरीकडे चित्रपटगीतांच्या वेळेला कात्री लागली. गाणी पारखून घेतली जाऊ लागली, आणि चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, असे ठरून तेही वगळले गेले. संतापलेल्या निर्मात्यांनी प्रसारणाची परवानगीच काढून घेतली. आज जिला सरसकट ‘केसकरांची बंदी’ म्हटले जाते, ती अशी दोन्ही बाजूंनी घडली.

ही पोकळी भरून काढली ती महायुद्धाने मागे ठेवलेल्या यंत्रसामग्रीने. दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपण युद्धानंतर तेथील सरकारच्या हाती आले होते. त्यावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तोच आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईत ऐकू येई! पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. पुढील वर्षी ‘अनारकली’ प्रदर्शित झाला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. एका मराठी मंत्र्याने ज्या संगीताला उंबऱ्याबाहेर ठेवले, ते घडवणाऱ्यांतही मराठी माणूस होता.

येथे स्मृतीचा प्रश्न येतो. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की उतारवयातील माणसांना साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग तुलनेने अधिक आठवतात. स्मृतींच्या आलेखावर तेथे उंचवटा दिसतो. अनेक गोष्टी त्याच काळात प्रथम घडतात, आणि ‘मी कोण’ याचे उत्तरही तेव्हाच आकार घेते. गाणे हा त्या उंचवट्यावर पोहोचण्याचा जवळचा रस्ता. म्हणूनच १९५० च्या दशकात वाढलेल्यांना जुने प्रेमगीत ऐकताना केवळ सूर आठवत नाहीत. लघुलहरींची खरखर, मध्येच विरून पुन्हा उसळणारा आवाज आणि बुधवारची वाट पाहणेही आठवते. घरी रेडिओ नसेल, तर शेजाऱ्यांचा ओटा किंवा इराण्याचे हॉटेल आठवते. फर्माइशीच्या पत्रात लिहिलेले स्वतःचे नाव निवेदकाच्या तोंडून ऐकण्याची हौस तर इतकी होती की झुमरी तलैया हे लहानसे गाव त्यामुळेच देशभर ठाऊक झाले. प्रेमाची उघड वाच्यता न करणाऱ्या घरांत ते गाणे सर्वांदेखत वाजत असे, आणि ज्याला त्यातून काही ऐकायचे असे, तो ते मुकाट ऐकून घेई.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीते स्वदेशी परतली. तोवर एका पिढीच्या कुमारवयाची पाच वर्षे मात्र कोलंबोच्या नावे लागली होती.

या स्मृतींना वारसही मिळतात. कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात विशीतील तरुणांना आपल्या काळातील गाण्यांबरोबरच आई-वडिलांच्या तारुण्यातील गाण्यांविषयीही वेगळा जिव्हाळा आढळला. लहानपणी घरात तीच वाजत असत. भारतात आजीच्या खोलीतून ‘अनारकली’ची गाणी ऐकू आली की नातवंडे थबकतात, त्यामागेही असेच काही असावे. आजीला मात्र गाण्याआधीची ती खरखरही ऐकू येत असते.