शायलॉक
विल्यम शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ (सु. १५९६–९७) या सुखात्मिकेतील सूडाने पेटलेला ज्यू सावकार (पहा : शेक्सपिअर, विल्यम). मांसाच्या तारणाचे कथानक ‘इल पेकोरोने’ (१५५८) या इटालियन कथासंग्रहातून आले. व्यापारी अँटोनियो शायलॉकवर थुंकलेला असतो. मुलगी जेसिका जडजवाहीर घेऊन ख्रिस्ती प्रियकराबरोबर पळते. त्यानंतर तीन हजार डकॅटांच्या कर्जापोटी अँटोनियोच्या पौंडभर मांसाचा शायलॉकचा हट्ट निर्दय होतो. वकिलाच्या वेशात आलेली पोर्शिया करार त्याच्यावरच उलटवते व त्याला धर्मांतर करणे भाग पडते. मात्र अँटोनियोविषयीचा जुना आकस तो पहिल्याच अंकात उघड करतो, म्हणून त्याला केवळ बळी म्हणता येत नाही. रंगभूमीवर अभिनेता चार्ल्स मॅकलिनने (१७४१) त्याला भीषण खलपुरुष म्हणून उभे केले. एडमंड कीन (१८१४) व हेन्री अर्व्हिंग (१८७९) यांनी त्याचे दुःख पुढे आणले (पहा : खलनायक).