मॅपशिवाय सहारा : १३५२ सालच्या एका ट्रिपचं प्लॅनिंग

 

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम सांगतो. फोनमध्ये मॅप उघडा आणि आफ्रिकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात या. मोरोक्को दिसेल. तिथे फेस नावाचं शहर शोधा. तिथून खाली सरकत या. आधी अ‍ॅटलस पर्वताच्या रांगा लागतील, मग हिरवा रंग संपेल आणि पिवळा सुरू होईल. तो पिवळा म्हणजे सहारा. आता सरकत राहा. बोट दुखेल, पण पिवळा संपणार नाही.

आज मोरोक्कोची टूर विकणारी कुठलीही साईट उघडा, आठ दिवसांचा ठरलेला कार्यक्रम मिळतो. जुनी शहरं, मग डोंगर, मग वाळवंटात तंबूत एक रात्र, उंटावर बसून सूर्यास्ताचा फोटो आणि परत. फेसहून निघालात तर साडेचारशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, आठ-नऊ तासांत तुम्ही मेरझूगाच्या वाळूच्या टेकड्यांपाशी असता.

याच दिशेने पावणेसातशे वर्षांपूर्वी एक माणूस निघाला होता. त्याला मात्र वाळवंट बघून परत फिरायचं नव्हतं. त्याला ते ओलांडायचं होतं. त्याचं नाव इब्न बतूता. आणि त्याने ही ट्रिप कशी प्लॅन केली, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय.

आधी थोडी ओळख

इब्न बतूता १३०४ साली मोरोक्कोतल्या टँजिअरमध्ये जन्मला. १३२५ साली, एकविसाव्या वर्षी, हजला म्हणून घरातून निघाला आणि जवळजवळ पाव शतक परतलाच नाही. अरबस्तान, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मध्य आशिया, मालदीव, चीन, सगळं फिरला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाकडे काझी होता. आपल्याकडेही येऊन गेला बरं का! दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला आणि तिथल्या अंधारकोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे आहेत, असं सांगून ठेवलं. नंदुरबारचाही उल्लेख त्याच्या वर्णनात येतो.

१३४९ साली तो मोरोक्कोत परतला. आता म्हणाल, बस झालं, माणसाने घरी बसावं. पण नाही. १३५१ च्या शरद ऋतूत तो फेसहून दक्षिणेकडे निघाला. जायचं होतं माली साम्राज्यात, सहाराच्या पलीकडे. या मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ साली हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटत गेला होता की त्याची चर्चा कित्येक वर्षं थांबली नाही. इब्न बतूता निघाला तेव्हा मूसाचा भाऊ मन्सा सुलेमान गादीवर होता.

पहिला टप्पा : शहर आणि थांबणं

फेस तेव्हा मरिनी सुलतानांची राजधानी होती. आजही त्या जुन्या शहराच्या गल्ल्यांमध्ये गाडी शिरत नाही, सामान गाढवावरून जातं. कैरवीयीनची मशीद नवव्या शतकातली. बू इनानिया मदरसा तर इब्न बतूताच्याच काळात, सुलतान अबू इनानने बांधलेला. म्हणजे फेसमध्ये तुम्ही फिराल ते बरंचसं त्यानेही पाहिलेलं.

फेसहून अ‍ॅटलस ओलांडून तो सिजिल्मासाला आला. हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. आठव्या शतकात वसलेलं हे गाव म्हणजे वाळवंटाचं बंदर. झीझ नदीच्या काठी, खजुराच्या बागांमध्ये. समुद्रकिनाऱ्यावरच्या बंदरात जहाजं लागतात, इथे उंटांचे काफिले लागायचे. उत्तरेकडून कापड, काच, तांबं यायचं आणि दक्षिणेकडून सोनं.

आणि इथे आपला हा जगभर फिरलेला गडी काय करतो? थांबतो. एक-दोन दिवस नाही, सुमारे चार महिने! त्याने उंट विकत घेतले आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांचा चारा घेतला. कारण उघड आहे. उंट आठवडा-दीड आठवडा पाण्यावाचून चालू शकतो, पण त्यासाठी निघताना तो खाऊनपिऊन तगडा असावा लागतो. दुसरं म्हणजे एकट्याने निघायची सोयच नव्हती. काफिला जमेपर्यंत वाट बघायची आणि उन्हाळा तापायच्या आत पलीकडे पोचायचं, असं ते गणित.

राहायची सोय कुठे झाली, हेही ऐका. एका विद्वानाच्या घरी. आणि याच माणसाचा सख्खा भाऊ इब्न बतूताला आधी भेटला होता, कुठे? चीनमध्ये! एक भाऊ सहाराच्या काठावर, दुसरा चीनमध्ये. जग लहान झालंय असं आपण आज म्हणतो, त्या दोन भावांना काय वाटत असेल?

दुसरा टप्पा : मिठाचं गाव

१८ फेब्रुवारी १३५२ ला काफिला निघाला. म्होरक्या होता मसूफा जमातीचा. मसूफा म्हणजे याच वाळवंटात राहणारे बर्बर लोक. पंचवीस दिवसांनी तघाझा आलं. आजच्या मालीच्या अगदी उत्तरेला.

तघाझात घरं मिठाची होती. मशीदही मिठाची. जमिनीतून मिठाच्या जाड लाद्या खणायच्या, त्यांच्या भिंती रचायच्या आणि वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. झाड एकही नाही. पाणी खारट. माश्या इतक्या की दहा दिवस काढताना इब्न बतूता वैतागून गेला.

एका उंटावर दोन लाद्या. त्या ओझ्याला वलाता गावात आठ ते दहा मिस्काल सोनं मिळायचं. पुढे मालीच्या राजधानीत त्याच ओझ्याचे वीस-तीस, कधी चाळीस. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. दक्षिणेत मिठाचे तुकडे पाडून नाण्यांसारखे वापरत होते.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून घाट चढत होते. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’वरून, म्हणजे मिठावरून आला असं मानतात.

पण तघाझात मीठ खणायचं कोण? मसूफांचे गुलाम. गावात त्यांच्याशिवाय कुणी राहत नव्हतं. तिथे काही पिकत नाही, त्यामुळे त्यांचं खाणं म्हणजे सिजिल्मासाकडून आलेला खजूर, उंटाचं मांस आणि दक्षिणेकडून आलेलं भरड धान्य. काफिला उशिरा आला तर काय, हा विचार करून बघा. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

तिसरा टप्पा : मागे पडलेला माणूस

तघाझानंतरचा पट्टा सगळ्यात अवघड. दहा दिवस पाणी मिळण्याची खात्री नाही. त्या वर्षी नशिबाने पाऊस झालेला होता, वाटेत डबकी सापडली. लोकांनी कपडेसुद्धा धुतले. उवांचा मात्र कहर. त्यावर उपाय म्हणून लोक गळ्यात पाऱ्याचे दोरे घालत. (कृपया घरी करून बघू नका, पारा विषारी असतो!)

पाणी मिळतंय म्हटल्यावर लोक जरा सैल झाले. काही जण काफिल्याच्या पुढे जाऊन जनावरं चारायचे. अशात इब्न झीरी नावाच्या माणसाचं आपल्या नातेवाइकाशी भांडण झालं. रागाच्या भरात तो मागे रेंगाळला. मुक्कामाला सगळे पोचले, हा नाही. इब्न बतूताने त्या नातेवाइकाला सुचवलं की पैसे देऊन एखाद्या मसूफाला माग काढायला पाठव. त्याने नकार दिला. दुसऱ्या दिवशी एक मसूफा आपणहून, पैसे न घेता शोधायला गेला. पावलं दिसली, कधी वाटेवर, कधी वाट सोडून. माणूस नाही सापडला.

पुढे दुसऱ्या एका काफिल्यातला हरवलेला माणूस त्यांना दिसला. एका खुरट्या झुडपाखाली मरून पडलेला. अंगावर कपडे तसेच, हातात चाबूक. पाणी तिथून जेमतेम मैलभर.

त्या दिवसानंतर आपण काफिल्याच्या पुढेही गेलो नाही आणि मागेही राहिलो नाही, असं इब्न बतूता सांगतो. ग्रुप ट्रिपमध्ये भांडणं होतातच. आपल्याकडे फार तर कुणीतरी ग्रुप सोडून जातो.

चौथा टप्पा : तकशीफ

आता या सगळ्या प्लॅनिंगमधली खरी कमाल. एका विहिरीपाशी काफिला तीन दिवस थांबला. पखाली दुरुस्त केल्या, पाण्याने भरल्या आणि वाऱ्याने पाणी सुकू नये म्हणून त्यांच्यावर जाडंभरडं कापड शिवलं. आणि इथून एक माणूस एकट्याने पुढे पाठवला. त्याला म्हणायचं ‘तकशीफ’.

तकशीफचं काम असं. काफिल्यातल्या व्यापाऱ्यांची पत्रं घेऊन वलाताला पोचायचं. पत्रात लिहिलेलं असायचं की आम्ही येतोय, राहायला घरं बघून ठेवा आणि पाणी घेऊन समोर या. मग वलाताचे लोक चार रात्रींची वाट चालून काफिल्याला पाणी आणून द्यायचे.

थोडक्यात, काफिला पूर्ण वाटेचं पाणी बरोबर घेतच नव्हता. शेवटच्या टप्प्याचं पाणी समोरून यायचं होतं. आणि ते येणार की नाही, हे सगळं एका माणसावर. तकशीफ वाट चुकला किंवा वाटेत मेला, तर वलातात कुणाला कळणारच नाही की काफिला येतोय. मग सगळे, किंवा बहुतेक सगळे, तहानेने मरणार. असं घडायचंही.

या कामाचे त्या खेपेला १०० मिस्काल सोनं ठरलं. म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने ४० तोळ्यांच्या वर!

आणि हा माणूस कोण होता? एका डोळ्याने आंधळा, दुसरा डोळाही अधू. तरी वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. इब्न बतूतालाही याचं आश्चर्य वाटलं. तो गेल्यानंतर सातव्या रात्री काफिल्याला दूरवर जाळ दिसले. वलाताचे लोक पाणी घेऊन आले होते.

तो अंधारात लुकलुकणारा जाळ बघून त्या लोकांना काय वाटलं असेल! एप्रिलच्या मध्यावर, निघाल्यापासून दोन महिन्यांनी, सगळे वलाताला पोचले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. काफिल्याच्या म्होरक्याचं नाव इब्न बतूता सांगतो. वाट चुकलेल्या इब्न झीरीचं सांगतो. ज्याने सगळ्यांचा जीव वाचवला त्या तकशीफचं नाव मात्र सांगत नाही.

परतीचा प्रवास

वलाताच्या पुढे वाट इतकी सुरक्षित होती की काफिल्याची गरजच नव्हती. तीन सोबती घेऊन तो निघाला. सामानात काय? मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि लवंगांसारखे सुगंधी जिन्नस. त्याच्या बदल्यात गावोगावी जेवण मिळायचं. पाकिटात मीठ आणि लवंगा, सुट्टे पैसे नको!

परत निघाला तो सप्टेंबर १३५३ मध्ये, तकेद्दा गावातून. सुलतानाचा निरोप आला होता की फेसला ये. यावेळी ७० दिवसांची शिधासामग्री बरोबर घेतली. आणि ज्या काफिल्याबरोबर तो निघाला, त्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. उत्तरेच्या बाजारांकडे नेल्या जाणाऱ्या. इब्न बतूता हे एका ओळीत सांगतो आणि पुढे जातो. तो पायवाटेचं वर्णन करतो, हवेचं करतो, खाण्याचं करतो. या सहाशे जणींनी ते वाळवंट कसं पार केलं, किती पोचल्या, याबद्दल अक्षर नाही.

डिसेंबरच्या शेवटी सिजिल्मासाहून फेसकडे निघाला तेव्हा अ‍ॅटलसमध्ये जोराचा बर्फ. बुखारा, समरकंद, खुरासान सगळीकडचा बर्फ पाहिलेला हा माणूस म्हणतो की याहून अवघड वाट आपण पाहिली नाही. म्हणजे सहारा ओलांडला आणि घराजवळच्या डोंगराने दमवलं. १३५५ साली त्याने इब्न जुझैय नावाच्या लेखकाला सगळा प्रवास सांगितला. म्हणून हे आपल्याला माहीत आहे.

तुम्ही जाणार असाल तर

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. हिवाळ्यात घाटरस्ते बर्फाने बंद होऊ शकतात, हे आता तुम्हाला पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसाने सांगितलंय. फेसला दोन दिवस द्या. मग इफ्रान, मिदेल्त आणि झीझच्या खोऱ्यातून खाली उतरा. मेरझूगाला जायच्या आधी रिसानीला थांबा. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी तिथे बाजार भरतो. गावाशेजारी मातीच्या काही पडक्या भिंती आहेत. टूरची गाडी तिथे बहुतेक थांबत नाही, तुम्ही थांबवा. ते सिजिल्मासा आहे. तिथून तोद्राची घळ, ऐत बेनहद्दू आणि २२६० मीटर उंचीची तिझी न तिश्का खिंड ओलांडून माराकेश.

आणि मेरझूगाजवळ खामलिया नावाचं छोटं गाव आहे. तिथे ग्नावा संगीत ऐकायला मिळतं. लोखंडी करताला, ढोल आणि एक लय जी तासन्‌तास थांबत नाही. ते वाजवणाऱ्यांचे पूर्वज याच वाटेने, दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेले होते. लोक दहा मिनिटं ऐकतात, व्हिडिओ काढतात, निघतात. तुम्ही जरा जास्त वेळ बसा. इब्न बतूताने ज्यांच्यासाठी एकच ओळ खर्च केली, त्यांची बाजू तिथे ऐकू येते.

फोनमधला तो निळा ठिपका आज आपला तकशीफ आहे. नेटवर्क गेलं की आपण कासावीस होतो. पण मेरझूगाच्या टेकडीवर रात्री उभे राहाल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि दक्षिणेकडे बघा. तिकडून कुठेतरी एक अधू डोळ्याचा माणूस, खिशात इतरांची पत्रं घेऊन, एकटा चालत गेला होता.

चला, आजच्यापुरतं इतकंच. हा भाग तुमच्या ट्रिपच्या ग्रुपवर नक्की पाठवा, विशेषतः त्या मित्राला जो नेहमी मागे रेंगाळतो! भेटूया पुढच्या भागात.