दमू नका, पडून राहा!

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. यात मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. वायरचं इन्सुलेशन गेलं म्हणा ना! १८६८ मध्ये पॅरिसच्या शार्को यांनी त्याचं पद्धतशीर वर्णन केलं. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांना दिसलं, की श्रमानंतर काही रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते. खरं कारण शरीराचं वाढलेलं तापमान, हे बरंच नंतर कळलं. तोवर 'दमू नका, पडून राहा' हा सल्ला रूढ झाला आणि कित्येक दशकं टिकला. १९९६ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या पेटाजान यांनी रुग्णांकडून १५ आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांचा दमसास वाढला, ताकदही.

मग व्यायामाने एमएस टळतो का? अमेरिकेतल्या १,९०,००० हून जास्त नर्सेसच्या माहितीवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. व्यायाम करणाऱ्यांत रोग कमी दिसला खरा, पण निदानाआधीची काही वर्षं वगळली तर तो फरक जवळजवळ विरला. म्हणजे रोगाच्या छुप्या सुरुवातीनेच त्यांची हालचाल मंदावली असावी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे: लॉगमध्ये आधी दिसते ती ओळ कारण असतेच असं नाही. एमएस झालेल्या मुलीला "जिमला गेली असतीस तर..." असं ऐकवणारे एक काका मला माहीत आहेत. हा अंक त्यांच्याही घरी जातो.