अर्ध्या बळाचा नियम : दुखावलेले शरीर, वाढते वय आणि व्यायामाचा इतिहास

१/ पन्नाशी ओलांडली तरी जोर, नमस्कार किंवा धावणे न सोडलेल्या माणसाला एके दिवशी गुडघा, खांदा वा टाच ‘आता पुरे’ असे बजावते. मग घरचे म्हणतात, सोडून द्या. जुने सोबती म्हणतात, दुखणे अंगावर काढा. या दोन उत्तरांपलीकडचे तिसरे उत्तर शोधणाऱ्यांचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्यातल्या काही मोजक्या माणसांविषयी हा #थ्रेड.

२/ प्रारंभ सुश्रुतापासून करावा लागतो. संहितेच्या चिकित्सास्थानातील २४ व्या अध्यायात व्यायामाची मात्रा सांगितली आहे ती ‘बलार्ध’, म्हणजे अंगातल्या बळाच्या अर्धी. किती जोर, किती फेऱ्या, याचा आकडा तिथे नाही. त्याऐवजी एक खूण आहे : व्यायाम करता करता श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणे ही खूण टीकाकारांनी पुढे जोडली.

३/ या नियमातली चतुराई सहज नजरेत भरत नाही. पंचविशीतल्या मल्लाचे अर्धे बळ आणि साठीतल्या गृहस्थाचे अर्धे बळ एक नव्हे. मोजपट्टी बाहेर कुठे टांगलेली नाही, ती त्या त्या शरीरातच आहे. त्यामुळे वय वाढेल तशी मात्रा आपोआप बदलते, नियम मात्र तोच राहतो. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करावा, एरवी तो रोगच देतो, असे सुश्रुत पुढे बजावतो. या सहांत वयाचा उल्लेख पहिला आहे.

४/ अतिव्यायामाचे दुष्परिणाम चरकानेही सांगितले आहेत. आपल्या आवाक्याबाहेरचे श्रम करणारा माणूस त्याला हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा वाटतो : सिंह दुबळा नसतो, पण मरतो. वाग्भट त्याहून पुढे गेला. अष्टांगहृदयात त्याने वृद्धांना व्यायामच वर्ज्य सांगितला. इथे वाग्भटाशी सहमत होता येत नाही. त्याचे कारण थ्रेडच्या शेवटी येईल.

५/ आता रोमन साम्राज्यात जाऊ. इ. स. १२९ मध्ये पर्गामम नगरीत जन्मलेला गेलन हा वैद्य तरुणपणी ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधत असे. वयाच्या ३५ व्या वर्षी आखाड्यात त्याचा स्वतःचाच खांदा निखळला. दुखावलेल्या अंगाचे ज्ञान त्याला असे दोन्ही बाजूंनी झाले होते.

६/ आरोग्यरक्षणावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात तो म्हाताऱ्यांच्या व्यायामाचा विचार करतो. सवयीचा व्यायाम चालू ठेवावा, पण कमी प्रमाणात. आणि जे अंग कमकुवत झाले आहे त्यावर भार न देता बाकीच्या शरीराकडून काम करून घ्यावे. पाय दुखणाऱ्याने हातांचा व्यायाम करावा, भोवळ येणाऱ्याने वाकण्याचे प्रकार टाळावेत. आजचा फिजिओथेरपिस्टही याहून फारसे वेगळे सांगत नाही. अँटिओकस नावाच्या वैद्याचे उदाहरण गेलन देतो : ऐंशी ओलांडल्यावरही हा गृहस्थ अंगाला तेल चोळून घेऊन चौकापर्यंत पायी जाई आणि जवळपासचे रोगी पायीच तपासून येई.

७/ तरीही ‘अति वापराने झालेली दुखापत’ हा स्वतंत्र प्रकार आधुनिक वैद्यकाला दिसला तो खेळाडूंमध्ये नव्हे, सैनिकांमध्ये. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने संचलन करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. पडणे नाही, मार नाही, घाव नाही, नुसते चालणे. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर १८९७ मध्ये उलगडा झाला की त्या पावलांतील हाडांना बारीक भेगा गेल्या होत्या.

८/ त्यामागचे गणित साधे आहे. प्रत्येक पावलाने हाडाला, स्नायूला, कंडरेला सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून येते. भरून येताना तो भाग पूर्वीपेक्षा बळकटही होतो. इजेचा वेग भरपाईच्या वेगापुढे गेला की दुखापत होते. वयाबरोबर भरपाई मंदावते. म्हणून तिशीत पचलेला व्यायाम पन्नाशीत बाधतो, जरी त्यात तसूभरही वाढ झालेली नसली तरी. ‘मी तर नेहमीइतकेच करत होतो’ ही रुग्णाची तक्रार खरी असते, आणि दुखण्याचे कारणही त्यातच असते.

९/ महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेत आकड्याला मोठा मान. समर्थ रामदास टाकळीला रोज १२०० नमस्कार घालीत असे परंपरा सांगते. तालमीत आजही ‘किती काढतोस?’ असेच विचारतात, ‘कसे काढतोस?’ असे क्वचित. तारुण्यात ही चुरस उपकारक असते यात शंका नाही. पण आकडा एकदा अंगवळणी पडला की तो स्वभावाचा भाग होतो, आणि रोज शंभर घालणारा माणूस पन्नासवर आला की स्वतःच्याच नजरेतून उतरतो.

१०/ औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपण त्यांना ओळखतो; पण त्याआधी अनेक वर्षे ते युजेन सँडो या पाश्चात्य बलोपासकाच्या पद्धतीने व्यायाम करीत होते. नमस्कारांकडे ते वळले ते चाळिशीच्या सुमारास. म्हणजे औंधच्या या चळवळीचा उगम एका मध्यमवयीन माणसाने आपला व्यायाम बदलण्यात आहे. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट नमस्कारांच्या आकड्यांइतकी सांगितली जात नाही.

११/ आता त्या व्यक्तीकडे, जिच्यासाठी हा थ्रेड मुख्यतः लिहिला : बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. जन्म १४ डिसेंबर १९१८, कर्नाटकातील बेळ्ळूर. जन्माच्या वेळी आईला इन्फ्लुएंझा झालेला, पुढे स्वतःला मलेरिया, टायफॉइड, क्षय. असा हा किरकोळ मुलगा १९३४ मध्ये म्हैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे प्रख्यात योगाचार्य टी. कृष्णमाचार्यांकडे आला.

१२/ तिथे एकदा पाहुण्यांसमोर गुरूंनी त्याला हनुमानासन करून दाखवण्याची आज्ञा केली. दोन्ही पाय पुढे-मागे जमिनीला सपाट टेकवण्याचे हे आसन त्याने पूर्वी केलेले नव्हते. आज्ञा मोडणे शक्य नव्हते. आसन झाले, पण मांडीमागचे स्नायू फाटले. त्यानंतर दीर्घकाळ नीट चालता येत नव्हते, असे अय्यंगारांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. शिकवणारा थोर असला तरी शरीराची हद्द त्याच्या आज्ञेने सरकत नाही, हा धडा त्यांना सोळा-सतराव्या वर्षीच मिळाला.

१३/ १९३७ मध्ये ते पुण्याला आले, सहा महिन्यांसाठी, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. आणि आयुष्यभर पुणेकर झाले. गुरू दूर, हाती ग्रंथ नाही. त्यामुळे स्वतःच्या शरीरावर अहोरात्र प्रयोग करून त्यांनी आसने घडवली. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन मुंबईत त्यांना भेटले आणि पाश्चात्य जगाची दारे उघडली. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत, सगळी त्यांचीच. जगभरच्या साधकांसाठी ‘आसन असे असते’ याचे प्रमाण म्हणजे त्या छायाचित्रांतला हा चाळिशीतला देह.

१४/ आणि साठीत तो देहच हातचा गेला. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातांत खांदे, कणा आणि गुडघे दुखावले. ही इजा अतिव्यायामाची नव्हती हे मान्य. पण अपघात तिशीत झाला असता तर शरीराने तो वेगळ्या रीतीने पचवला असता. इथे इजेच्या जोडीला वय होते. ज्या आसनांचे प्रमाण म्हणून लोक त्यांच्याकडे पाहत होते, तीच त्यांना करता येईनात. हात वर जाईना, पुढे वाकता येईना.

१५/ त्यांची अडचण इतरांपेक्षा बिकट होती हे ध्यानात घ्यावे. सामान्य माणसाला व्यायाम कमी करताना फार तर मित्रांची थट्टा सोसावी लागते. इथे पुण्यातील संस्था उभी राहून चारच वर्षे झाली होती (१९७५, दिवंगत पत्नी रमामणी यांच्या नावाने), शिष्य देशोदेशीचे होते, आणि गुरूचा अधिकार त्याच्या शरीराच्या कौशल्यावर उभा होता. सराव बंद करून केवळ उपदेश करण्याचा मार्ग मोकळा होता. तो अनेकांनी धरलेला आहे.

१६/ अय्यंगार पुन्हा नवशिक्याच्या ठिकाणी जाऊन बसले. विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, बाके, लोड ही साधने ते रुग्णांसाठी आणि ताठर अंगाच्या विद्यार्थ्यांसाठी पूर्वीपासूनच वापरीत असत. आता त्यांचा लाभार्थी ते स्वतः झाले. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नसेल तर मध्ये पट्टा. तळहात जमिनीला टेकत नसेल तर विटेवर. पाठीची कमान तोलण्याची ताकद नसेल तर खाली बाक. साधनाने आसनाची रचना टिकते, सांध्यावरचा ताण उतरतो, आणि म्हणून त्यात अधिक वेळ थांबता येते. ज्येष्ठ वयातील त्यांच्या सरावाचे मर्म हेच : झेप आणि झटके कमी, स्थैर्य आणि काळ अधिक.

१७/ टीकाकारांनी या पद्धतीची ‘फर्निचर योग’ म्हणून टर उडवली. या थट्टेत शरीराविषयीचे एक जुने गृहीतक दडलेले आहे : आधार घेतला म्हणजे साधना खोटी. चष्मा लावून वाचणाऱ्याचे वाचन कुणी खोटे ठरवीत नाही. अय्यंगारांनी या टीकेपायी बाक हलवले नाही. हळूहळू बरीचशी आसने परत आली. नव्वदी उलटल्यावरही शिष्यांच्याच दालनात, त्यांच्यासमोर, त्यांचा रोजचा सराव चाले. आधारासह शीर्षासनात ते दीर्घकाळ थांबत. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यात वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१८/ वैद्यकशास्त्र याच सुमारास दुसऱ्या वाटेने तिथेच येत होते. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद होकान अल्फ्रेडसन यांना धावण्याची आवड होती आणि टाचेमागची कंडरा दुखत होती. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. तेव्हा, त्यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, कंडरा एकदाची तुटावी म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, या त्राग्याने त्यांनी तिच्यावर भार टाकण्याचा व्यायाम सुरू केला. कंडरा तुटली नाही, बरी झाली.

१९/ १९९८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. हौशी धावपटू १५, सरासरी वय चाळिशीच्या पुढे, सर्वांना टाचेमागचे जुनाट दुखणे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा असे ३ फेरे, वाकवून तसेच ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढील अभ्यासांत यश इतके शंभर नंबरी राहिले नाही. तरी दुखऱ्या कंडरेला नुसती विश्रांती पुरत नाही, तिला मोजूनमापून काम हवे असते, ही समजूत तेव्हापासून रुजली.

२०/ राहिले वाग्भटाचे उत्तर. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धसेवागृहात मारिया फियाटारोन व सहकाऱ्यांनी सरासरी ९० वर्षे वयाच्या १० जणांना पायांच्या स्नायूंसाठी वजनांचा व्यायाम दिला. हलका नव्हे, चांगला जड. पण ‘जड’ म्हणजे प्रत्येकाच्या त्या वेळच्या कमाल शक्तीच्या प्रमाणात, म्हणजे सुश्रुताच्याच धर्तीवर, ज्याच्या त्याच्या बळाच्या हिशेबाने. फरक एवढाच की इथले माप अर्ध्यावर थांबत नव्हते. कमाल शक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंत जात होते.

२१/ ८ आठवडे पूर्ण करणाऱ्या ९ जणांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. त्यानंतर व्यायाम थांबवण्यात आला, तेव्हा ४ आठवड्यांत कमाल शक्ती ३२ टक्क्यांनी घटली.