बंदुकीच्या मुखात रुतलेली संगीन

बंदुकीच्या मुखाशी जोडावयाच्या उपकरणांचा इतिहास पाहू गेल्यास, ज्या उपकरणाने आपल्याच धन्याला ऐन रणांगणात निःशस्त्र केले ते म्हणजे सतराव्या शतकातील, मूठ नळीत खोचून बसवावयाची संगीन होय. फ्रान्समधील बायोन नगराशी तिचे ‘बायोनेट’ हे इंग्रजी नाव निगडित आहे. प्युसेगूर या फ्रेंच सेनानीने १६४७ च्या सुमारास ईप्रच्या मुलखात आपल्या शिपायांना अशी आयुधे दिल्याचे त्याच्या आठवणींत नमूद असून, पाते एक फूट व लाकडी मूठही तेवढीच लांब, असे माप त्याने दिले आहे. इंग्लंडात १६७२ मध्ये ड्रॅगून पलटणीसाठी तिची तरतूद झाली. घोडेस्वारांच्या हल्ल्यापासून बंदूकवाल्यांचे रक्षण करण्यासाठी ज्या काळी भालाइतांच्या रांगा पदरी बाळगाव्या लागत, त्या काळी बंदुकीचाच भाला व्हावा, हा लाभ सामान्य नव्हता.

मात्र ही निमुळती मूठ केवळ घर्षणाच्या बळावर नळीत टिकून राही. सैल बसली तर ती शत्रूच्या देहातच राहून जावयाची, आणि घट्ट ठोकली तर माघारी निघावयाची नाही. त्यात दमट हवेने लाकूड फुगले, किंवा दारूच्या काजळीचा थर नळीच्या तोंडाशी साचला, म्हणजे ती अधिकच रुते. हिसका द्यावा तर मूठ आत मोडण्याची भीती, हातोडीने ठोकावे तर नळीच्या काठाला पोचा, आणि तशीच ठेवून बार उडवावा तर नळी फुटून स्वतःच्याच जिवाला धोका! डावी-उजवीकडे आळीपाळीने हलके पिळत तिला मोकळी करणे, हाच नळी सलामत राखणारा उपाय. मूठ लाकडाची करण्यात मला कारागिराचा विवेक दिसतो, कारण बिघाड व्हावयाचाच असेल तर तो लाकडाचा होतो, लोखंड वाचते. परंतु अशा कामास लागणारी सवड लढाईत कोणास मिळणार?

२७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडातील किलिक्रँकीच्या खिंडीजवळ जनरल ह्यू मॅके याची सरकारी फौज उताराच्या पायथ्याशी, आणि व्हायकाउंट डंडीचे डोंगरी लोक वर, असे समोरासमोर उभे होते. सूर्य डोळ्यांवर येत असल्याने डंडी तो कलेपर्यंत थांबला. मग त्याचे लोक धावत खाली आले, एक बार काढून त्यांनी बंदुका फेकल्या आणि तरवारी उपसल्या. संगीन खोचली की गोळी अडते, म्हणून मॅकेच्या शिपायांना अखेरच्या बारापर्यंत ती हातीच ठेवावी लागली होती, आणि बार झाल्यावर ती बसविण्याइतकाही अवकाश उरला नाही. डंडी स्वतः पडला, तरी सरकारी फौजेची दाणादाण उडाली. पराभवाची कारणे शोधताना मॅकेने या आयुधाकडेच बोट दाखविले, आणि नळीचे मुख मोकळे राहील अशा रीतीने, कड्यांच्या साह्याने संगीन बाहेरून अडकविण्याची युक्ती योजिली.

तिकडे फ्रान्समध्ये व्होबाँ या दुर्गशास्त्रज्ञाने १६८७ मध्येच, नळीवर बाहेरून चढणाऱ्या नळकांड्याच्या संगिनीची शिफारस युद्धमंत्री लुव्हवा याच्याकडे केली होती. जुन्या बंदुकांच्या नळ्यांची जाडी एकसारखी नसल्याने तिचा मेळ जमावयास काळ गेला. परंतु १७०३ मध्ये फ्रेंच पायदळाने भाले कायमचे टाकले, ते तिच्याच भरवशावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांच्या पदरी डी बॉईनने उभारलेल्या पलटणींच्या खांद्यावरही संगिनी होत्या. मुठीची जुनी जात स्पेनमधील शिकाऱ्यांपाशी मात्र पुढेही दीर्घकाळ टिकली, कारण जखमी रानडुकराचा शेवट केल्यावर ती हळूहळू पिळून काढावयास त्यांना वेळ असे.